दाढीवाल्याला बाहेर काढा!

तुरुंगाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या आणि गज रंगवलेल्या लाकडाचे. तरीही वेंडेल क्रॅब सकाळपासून आत खऱ्या कैद्यासारख्या येरझारा घालत होता. हॉलिवूडमध्ये आजवर त्याच्या वाट्याला लिफ्टवाले आणि प्रेतं, एवढीच कामं आली होती. या चित्रपटात पहिल्यांदा खरी भूमिका मिळाली होती: खुनाचा खोटा आळ आलेला परका माणूस, ज्याला चवताळलेलं गाव कोर्टाची वाट न बघता फासावर चढवायला निघतं. हे दृश्य फसलं तर तू पुन्हा प्रेत, असं दिग्दर्शक स्ट्राउड यांनी त्याला नाश्त्यालाच ऐकवलं होतं.

आणि दृश्य फसतच होतं. जमाव म्हणून गोळा केलेली गावची मंडळी फारच सज्जन होती. तुरुंगाच्या दाराशी येऊन ती चक्क रांग लावत होती.

"अहो, तुम्ही त्याला मारायला आलाय की जेवायला बोलवायला?" स्ट्राउड कर्ण्यातून ओरडले.

"तसं नाही साहेब," दाणावैरणीचा दुकानदार व्हर्जिल टोपी काढत म्हणाला, "पण माणूस बरा वाटतो हो."

स्ट्राउड उंच खुर्चीवरून उतरले आणि व्हर्जिलच्या कानाला लागले. "बरा? काल चर्चच्या जेवणात त्यानं तुमच्या ओट्टिलीबाईंचा पीचचा केक टेबलाखाली कुत्र्याला घातला. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी!"

हे खरं होतं, तीच तर पंचाईत. वेंडेलची दाढी डिंकानं चिकटवलेली. 'चावायचं नाही, दुसरी दाढी नाही,' असा रंगभूषावाल्याचा दम. केक नको म्हणावं तर बाई दुखावणार, म्हणून बिचाऱ्यानं तो हळूच खाली सरकवला होता.

बातमी गर्दीत शिरली. दुसऱ्या रांगेत ती पोचली तेव्हा त्या केकला कुत्र्यानंही तोंड लावलं नव्हतं. मागच्या रांगेत पोचेपर्यंत कुत्रं केक खाऊन मेलं होतं आणि वेंडेल ते गावभर सांगत फिरत होता. गजांआडून वेंडेलला एवढंच दिसलं, की माणसं बोलायची थांबली आहेत आणि सगळी त्याच्याकडेच बघताहेत.

"ॲक्शन!"

लोंढा आला आणि पहिल्या धक्क्यातच भिंत आडवी झाली.

"दाढीवाल्याला बाहेर काढा!"

"आमच्या बाईंच्या केकला नावं ठेवतो?"

पटकथेत केक नव्हता. वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. "थांबा! मी निर्दोष आहे!" तो किंचाळला, आणि तिथेच घात झाला, कारण पटकथेत नेमकं हेच वाक्य होतं. "अहो साहेब, हा अभिनय नाही! खरंच वाचवा!"

"वा! हे त्यानं मनानं घातलं!" स्ट्राउड कॅमेरामनला म्हणाले. "चालू ठेव!"

व्हर्जिलनं वेंडेलची दाढी धरून हिसका दिला. दाढी हातात आली. जमाव जागच्या जागी थिजला.

"डिंकाची आहे हो!" वेंडेल रडवेला झाला. "चावलं की सुटते. काल नुसतं सूप पिऊन झोपलो. तुमच्या केकचा वास अजून नाकात आहे, बाई!"

ओट्टिलीबाई गर्दीतून पुढे आल्या आणि त्याची लालभडक हनुवटी बघून कळवळल्या. "अगं बाई, उपाशी ठेवलं होय रे तुला? मग ही आवई उठवली कुणी?"

व्हर्जिलनं मान खाली घातली आणि बोट उंच खुर्चीकडे केलं.

स्ट्राउड कर्णा टाकून पळाले, ते उरल्यासुरल्या तुरुंगात शिरले आणि दार ओढून बसले. "कट! अरे, कट म्हणतोय ना!" पण ऐकतंय कोण? जमाव गजांना भिडला. सगळ्यात पुढे, हातात दोर घेऊन, एक जण घसा फोडून ओरडत होता, "लटकवा त्याला!"

जरा वेळानं व्हर्जिलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेंडेल, अहो, पुरे आता. घाबरलाय तो माणूस."

वेंडेलनं मागे बघितलं. मंडळी केव्हाच थांबली होती आणि टोप्या हातात घेऊन खाली बघत होती. दोर आपल्या हातात कधी आला, ते त्याला आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गजांआडून स्ट्राउड यांचा चिरका आवाज आला. "वेंडेल, उद्यापासून तू बाहेर उभा राहा. निर्दोष माणूस आम्ही दुसरा शोधू."