अहिरेकाकांची घुर्र

अहिरेकाकांच्या शर्टाचा खिसा रोज संध्याकाळी, चहाच्या वेळेला गुरगुरायचा. काका छातीवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि फोन बाहेरसुद्धा न काढता जाहीर करायचे, "पोरगी खुशाल आहे."

पोरगी म्हणजे सुजाता, बदलापूरला दिलेली. तिने फोन लावायचा आणि एक घुर्र झाली की कापायचा. एक घुर्र म्हणजे सगळं ठीक. नियम काकांचा. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये चिक्कूंची वाण नव्हती, पण येणारा फोन फुकट असताना पोटच्या पोरीशी न बोलणारा हा एकच. पैसे वाचणार जावयाचे आणि चिक्कूपणा सासऱ्याचा! इतका परोपकार हल्ली बघायला मिळत नाही.

फोन उल्हासनगरचा. दुकानदाराने 'साईं, एकदम ओरिजिनल' म्हणत गळ्यात मारलेला. टेबलावर ठेवला की थरथरत चालू लागायचा. एकदा थेट आमटीत पडला, तरी मेला नाही. रिंगटोन लावा म्हटलं की काका वैतागायचे. रिंगटोन म्हणजे दवंडी, आपलं घरचं गावाला कशाला, असं त्यांचं म्हणणं.

काकू गेल्यापासून एकटेच राहायचे. बोलण्यातही काटकसर. पाणी आलं का विचारा, उत्तर "जयभीम". लाईट गेली का विचारा, तरी "जयभीम". जन्मभर कारखान्यात धडाधड पत्रा कापणारा पॉवर प्रेस चालवला आणि रिटायर झाल्यावर माणूस साहेब झाला, असं आम्ही म्हणायचो.

एका संध्याकाळी खिसा गुरगुरला तो थांबेचना. सुजाताचे दिवस भरत आले होते. काका पांढरेफटक होऊन आमच्या दारात आले आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"तू ऐक. मला ऐकू येत नाही. प्रेसवर कान गेले." मग हळूच म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. जिवाला घोर लावून घेईल."

फोनवर जावई होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी आधी काकांच्या कानाशी ओरडलो, मग अक्कल आली. हातांनी बाळ जोजवून दाखवलं, कपाळाला टिकली लावून दाखवली. काका मटकन पायरीवर बसले आणि रडायला लागले. तिकडे फोनमध्ये बाळाने टाहो फोडला होता.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आवाज कसा आहे रे तिचा?"

मी त्यांचा हात धरला आणि गदागदा हलवला.

"आईवर गेली," काका म्हणाले.