साडूंचं गिअर ऑइल

अप्पांच्या ट्रॅक्टरचा गिअर टाकला की गिरणीत खडे पडल्यासारखा आवाज व्हायचा. त्यांच्या साडूंच्या ट्रॅक्टरचा हूं की चूं नाही. दोन्ही ट्रॅक्टर एकाच कारखान्याचे, मालकांच्याही जन्माआधीचे, आता निव्वळ हौसेसाठी सांभाळलेले. तरी जुन्या ट्रॅक्टरांच्या प्रदर्शनातला करंडक दरवर्षी साडूंच्याच घरी जायचा. साडूंच्या मोठ्या घराचं अप्पांना काही वाटत नसे, दाट केसांचंही नाही. पण साडू दोन बोटांनी गिअर बदलायचे, तेव्हा मात्र अप्पांचा जळफळाट व्हायचा.

यंदा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मन घट्ट करून फोन लावला. "साडूभाऊ, गिअरबॉक्समध्ये तेल कुठलं घालता हो?"

"नव्वद नंबर. साधं, जुन्या पद्धतीचं," साडू म्हणाले. "नव्या तेलातली रसायनं आतलं पितळ खातात."

अप्पांनी फोन ठेवला. "खोटं बोलतोय!"

"कशावरून?" बायकोनं विचारलं.

"लगेच सांगितलं ना! खरं असतं तर आढेवेढे घेतले असते. मी सांगितलं असतं का?"

"तुम्ही नसतंच सांगितलं."

अप्पांनी एकशेचाळीस नंबरचं, दुकानातलं सगळ्यात दाट तेल आणून ओतलं. खडखड थांबली. अप्पा खूश!

सकाळी कडाक्याची थंडी पडली आणि ते तेल आत डिंकासारखं घट्ट होऊन बसलं. मैदानावर जागा धरायला अप्पांनी रिव्हर्स टाकला, तो टाकलाच. ओढला, ढकलला, बायकोनं खालून चप्पल हाणून बघितली. गिअर निघेना. तेवढ्यात ट्रॅक्टरांची फेरी सुरू करणारा बँड वाजला. करंडक हातचा जाऊ द्यायचा नव्हता. अप्पांनी ट्रॅक्टर तसाच, उलटा, रांगेत घुसवला.

मागचा नंबर साडूंचा. म्हणजे आता दोघे नाकासमोर नाक. अप्पा मागे जातायत, साडू पुढे येतायत, आणि ज्याचं तोंड बघायचं नव्हतं ते अख्खी फेरी समोर!

"काय झालं हो?" साडू ओरडले.

"काही नाही! मुद्दाम चालवतोय!"

"डावीकडे घ्या!" बायको बाजूनं धावत सांगत होती. "अहो, माझी डावी नाही, तुमची!"

लोकांना वाटलं, दोघांनी वर्षभर सराव करून बसवलंय. टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी करंडक जोडीला दिला.

फोटोसाठी दोघांनी करंडकाचा एकेक कान धरला. हसता हसता साडू दबक्या आवाजात म्हणाले, "टाळ्या तुम्हालाच जास्त पडल्या. पुढच्या वर्षी उलटा मी चालवणार."

"तुम्हाला नाही जमायचं," अप्पा म्हणाले. "ते अंगात असावं लागतं."

साडूंचा चेहरा पडला. फोटोग्राफर केव्हाच निघून गेला होता, पण अप्पा अजून तो चेहरा बघत उभे होते.