खैरनार काकांची शिफ्ट

संध्याकाळी सातला पाच कमी असताना आमच्या दाराची बेल वाजली की माझी बायको सुनीता स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "आले बघा तुमचे पन्नास!"

पन्नास म्हणजे खालच्या मजल्यावरचे खैरनार काका. दार उघडल्यावर नमस्कार नाही, कसे आहात नाही. काका थेट आकडा सांगायचे.

"एकोणपन्नास पॉइंट सत्त्याऐंशी, सेक्रेटरी. गिझर बंद करा."

मी नुकताच अंबडहून आलेला असायचो. दिवसभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये आलेला माल उतरवून घेतलेला, वर नाशिकची थंडी. अंगावर दोन तांबे गरम पाणी पडावं, यापलीकडे माणसाची काही इच्छा उरत नाही.

"काका, एका गिझरने काय होतंय?"

"हेच वाक्य आत्ता अख्खा देश म्हणतोय," असं म्हणून काका समोरच्या दाराची बेल वाजवायचे.

काका आयुष्यभर औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. आता निवृत्त आणि एकटे. काकू गेल्या, मुलगी मनमाडला दिलेली, जावई रेल्वेत. हॉलमध्ये जिथे लोक देवाची तसबीर लावतात तिथे त्यांनी फ्रिक्वेन्सी मीटर लावलं होतं. विजेला एक ताल असतो, तो सेकंदाला पन्नास असावा लागतो आणि लोकांची मागणी, काकांच्या भाषेत लोड, वाढली की तो घसरतो, हे सगळं मला काकांनी जिन्यात अडवून शिकवलं. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि त्यातल्या एकीचा बंद तुटत आला होता.

"लेझीम खेळलात ना शाळेत? तशी देशातली सगळी जनित्रं एका तालावर नाचतात. एकाचा पाय चुकला की पुढचा अडखळतो, मग त्याच्या पुढचा. कळलं?"

"कळलं, काका. पिशवी..."

"पिशवी राहू द्या. ताल समजून घ्या."

दर तासाला तो आकडा ते एका जाड वहीत लिहीत. त्यासाठी लग्नाच्या पंगतीतूनही उठून गेलेले मी त्यांना पाहिलंय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण उद्याची वीज कशावर चालणार, हा प्रश्न काका कुठेही काढायचे. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या वडिलांना गाठलं. ते बिचारे सहज म्हणाले, की आता काय, सगळं सोलरवर होणार.

"सूर्य म्हणजे सरकारी कर्मचारी," काका म्हणाले. "दहाला येणार, पाचला जाणार. लोड येतो सातला. मग?"

"पवनचक्क्या आहेत की."

"वारा जावयासारखा. आला तर आला. निघताना सांगत नाही." शेजारी काकांचे जावई पेढा खात उभे होते.

"मग बॅटरीत साठवायची वीज."

"बॅटरी म्हणजे फ्रीजमधली कालची भाजी. आधी कोणीतरी केलेली असावी लागते!"

व्याही पक्ष आता गोरामोरा झाला होता. अणुऊर्जेचं नाव त्यांनी अगदी दबक्या आवाजात घेतलं. "माणूस भारदस्त," काका म्हणाले, "पण जरा कमी कर, जरा वाढव म्हटलं की रुसतो." मी मध्ये पडलो. म्हटलं, काका, सरळ सांगा ना तुम्हाला कोळसाच हवाय म्हणून.

"मी कुठे म्हणालो? कोळशाचे दिवस भरले. धूर मी छातीत घेतलाय, तुम्ही नाही. जाऊ दे त्याला. मी एवढंच विचारतो, की तो उठून गेल्यावर लोड कोण उचलणार?"

या प्रश्नानेच तर चिडचिड व्हायची.

मग आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर पॅनल बसवायची टूम निघाली. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालणार होते. सेक्रेटरी म्हणून मी मीटिंग बोलावली. काका उभे राहिले. "सातला काय?" मी म्हटलं, सातला नेहमीची लाइन आहेच. "म्हणजे दिवसा तुमचं तुम्ही बघणार आणि अडचणीच्या वेळी दुसऱ्याने हजर राहायचं. असंच ना?" दोन तास गेले. दुसरी मीटिंग अशीच गेली. तिसऱ्या मीटिंगला काकांनी वही आणली, तेव्हा तळमजल्यावरच्या पगारे बाई माझ्या कानात म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मी करीन."

मी केलं. आणि ते मला आजही बोचतं, म्हणून लिहून टाकतो. काका नातवाच्या जावळाला मनमाडला जाणार, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं. त्यांच्या गैरहजेरीत जिन्यातल्या दिव्यांवर लक्ष ठेवा म्हणाले होते. मी मान डोलावली आणि नेमक्या त्याच दिवशी मीटिंग ठेवली. अकरा मिनिटांत ठराव पास झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, हेही कबूल करतो.

काका परत आले, फळ्यावरचा ठराव वाचला आणि घरात गेले. पॅनल बसले. पण त्या दिवसापासून आमची बेल वाजली नाही.

पहिले दोन दिवस मी ऐटीत अंघोळ केली. तिसऱ्या दिवशी सातला पाच कमी झाले आणि माझा हात आपोआप गिझरच्या बटणाकडे गेला. सुनीता म्हणाली, "आता कोण बघतंय?" मी बंदच केला. मग गार पाण्याने कुडकुडत, दात वाजवत, त्या माणसावर मनातल्या मनात चिडत अंघोळ केली. असं तीन आठवडे चाललं.

शेवटी एका रविवारी दुपारी मी माफी मागायला गेलो. दाराला कुलूप. काका गच्चीवर सापडले. इन्व्हर्टरच्या खोक्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर वही, खांद्यावर ओलं फडकं.

"काका, तुम्ही मनमाडला होतात म्हणूनच मी ती मीटिंग घेतली. चुकलं माझं."

"माहितीये." त्यांनी पॅनलकडे बोट केलं. "चांगलं चाललंय हे. कडेच्या दोनवर कबुतरं घाण करतात. मी पुसतो सकाळी."

"तुम्ही पुसता? मग विरोध कशाला होता?"

"विरोध कुठे होता? मी विचारत होतो."

मग त्यांनी वहीची पानं मागे उलटली आणि एका पानावर थांबले. ते पान छापील होतं. वीज केंद्रातलंच. वेळ, लोड, फ्रिक्वेन्सी, अशा ओळी. खाली दोन चौकोन होते. 'चार्ज देणार' यापुढे काकांची वळणदार सही होती. 'चार्ज घेणार' यापुढे काहीच नव्हतं.

"आमच्याकडे नियम होता," काका म्हणाले. "रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पोरीच्या बारशाला मी पोचलो नाही, कारण माझा रिलीव्हर पावसात अडकला होता. त्याबद्दल तक्रार नाही. नियम म्हणजे नियम." त्यांनी फडक्याने पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "शेवटच्या दिवशी तीनला आमचं युनिट कायमचं बंद झालं. हुकूम आला, बटण मीच दाबलं. लोड शून्य लिहिला. सही केली. आणि सवयीने दाराकडे बघत बसलो."

"मग?"

"मग काय. पाचला वॉचमन आला. साहेब, कुलूप लावायचंय म्हणाला. मी त्याला विचारलं..." काका बागलाणातले; जुनं काही आठवलं की ते घरच्या बोलीत जातात. "आते चार्ज कोणले देऊ, भाऊ? तो हसला. मी वही घेऊन घरी आलो. आणायला नको होती."

इन्व्हर्टरचा बारीक आवाज येत होता.

"म्हणजे नियमाने बघाल, सेक्रेटरी, तर मी अजून ड्युटीवरच आहे."

मी हात पुढे केला. "द्या."

"काय?"

"वही. मी घेतो चार्ज."

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही स्टोअरवाले. तुम्हाला काय येतं?"

"लेझीम येते."

"ताल पडला तर?"

"गिझर बंद."

"आणि सातला सूर्य गेला की लोड कोण उचलणार?"

"ते माहीत नाही, काका."

"हं. मलाही नाही," ते म्हणाले आणि खिशातलं पेन काढून दिलं. मी सही करायला वाकलो तर मनगट धरलं. "आधी वाचा. न वाचता सही करणारा माणूस मला चालत नाही."

मी स्टोअरमध्ये दिवसभर खोकी न उघडता सह्या करतो. त्या दुपारी मात्र उन्हात उभं राहून मी त्या पानावरची एकेक ओळ वाचली, शेवटच्या शून्यापर्यंत. मग सही केली. काकांनी घड्याळात पाहिलं.

"तीन वाजून दहा मिनिटं," ते म्हणाले. "रिलीव्हर लेट आला." आणि कठड्याला धरत जिना उतरून गेले.

तासाभरात ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि मीटर आमच्या हॉलमध्ये लावून गेले. "देवांच्या शेजारी?" सुनीता म्हणाली. मी वही मीटरखाली ठेवली.

संध्याकाळी सातला पाच कमी झाले. एकोणपन्नास पॉइंट अठ्ठ्याऐंशी. मी खाली जाऊन बेल वाजवली. बराच वेळ कोणी येईना. मला भलतंसलतं वाटू लागलं. मग दार उघडलं. काका पंचावर होते, डोकं ओलं, अंगातून वाफा निघत होत्या. आत न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज येत होता.

"एकोणपन्नास पॉइंट अठ्ठ्याऐंशी, काका. गिझर बंद करा."

काकांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"एका गिझरने काय होतंय, सेक्रेटरी?" ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी समोरच्या दाराची बेल वाजवली.