भाऊसाहेबांच्या छपराला भोकं

२०२३ साल. माझं वय तेव्हा बहात्तर. लक्ष्मी गेटजवळ आमच्या शेजारी भाऊसाहेब राहतात, रेल्वेतले रिटायर गार्ड. त्यांच्या घरात एकही खिळा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, घड्याळ स्टुलावर, आरसा खाली भिंतीला टेकवलेला. दाढी करायला भाऊसाहेब उकिडवे बसतात. क्वार्टर जशी मिळाली तशी परत द्यायची, ही नोकरीतली सवय. आता घर स्वतःचं आहे, तरी कुणी हातोडा उचलला की म्हणणार, "भोक सोडून बोला."

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण छपराच्या कामात मी कुणाचं ऐकून घेत नाही. भाऊसाहेबही कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून आमचं जमतं, आणि अधूनमधून बोलणंही बंद होतं.

माडीच्या जुन्या भिंतींना स्लॅब झेपला नसता. म्हणून तिथे उतरतं लाकडी छप्पर आहे, आतून फळ्यांची तक्तपोशी, वर डांबरी शिंगल, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. त्या खोलीत भाऊसाहेबांची बायको, आमच्या वहिनी, कित्येक वर्षं पलंगावर आहेत, श्वासाचं यंत्र लावून. उन्हाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर थोड्याच वेळात मान टाकतो. मग भाऊसाहेब ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवत बसायचे. शेवटी सोलर आणि मोठी बॅटरी घ्यायचं ठरलं.

सोलरवाले म्हणाले, बाबूजी, छेद तो करना ही पड़ेगा. भाऊसाहेब म्हणाले, छेद छोड़ के बताओ. पॅनल दोरीनं बांधता येईल का, हेही विचारून पाहिलं. ती माणसं हसली. भाऊसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि घालवून दिलं.

मग मी गेलो. म्हटलं, शिंगल हलकेच उचलून खाली पत्रा सरकवतो, बोल्ट पत्र्यातून थेट वाशात जाईल, भोवती डांबरी लुकण भरतो. थेंब आत येणार नाही.

"येईल. तक्तपोशीवर डाग पडेल."

"पडला तर रंग देऊ."

ते म्हणाले, "दत्तू, ती दिवसभर तेवढंच बघते."

मी उठून निघालो. पण भाऊसाहेबच वहिनींच्या यंत्राकडे बघून म्हणाले, कर.

ऊन चढलं की शिंगल मऊ पडते, म्हणून पहाटेच चढलो. ठोकून ठोकून वासे शोधले. दर बोल्टला खालून आवाज यायचा, झालं का? मी म्हणायचो, तुम्ही गप्प बसलात तर होईल.

पॅनलचे पाय बसले. भाऊसाहेबांनी हट्ट धरला, पाणी ओतून दाखव. मी बादल्या ओतू लागलो. उभ्यानं नीट दिसेना म्हणून ते पलंगावर वहिनींच्या शेजारी आडवे झाले. पलंग हलला तर वहिनींना त्रास होईल, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं खुर्चीत झोपत आलेला.

शिडीवरून उतरताना मी खिडकीपाशी थांबलो. वहिनी अडखळत म्हणाल्या, "अहो, किती दिवसांनी शेजारी पडलात."

"हलू नको," भाऊसाहेब म्हणाले. "बघतोय मी."

तक्तपोशी कोरडी होती. त्यांनाही ते दिसत होतं. पण ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पॅनल चढवणारे यायच्या आधी, मी न बोलावता शिडी लावली आणि पाण्याची बादली घेऊन वर गेलो. "भाऊसाहेब," खाली ओरडून सांगितलं, "पडून नीट बघा. माझी काही खात्री होत नाही."