एका खेपेत दोन कामं

मामाला मी जे बोललो ते सांगण्याआधी मामा कसा आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक उगाच लहान दिसेल.

माझा हरीमामा एका कामासाठी घराबाहेर पडत नाही. त्याच्या पाम गावाहून आमच्या बोईसरला यायचं तर निदान दोन कामं हवीत. "एका खेपेत दोन कामं," हे त्याचं ब्रीद. केस कापायचे असले तर स्कूटरचंही काही काम निघावं लागतं. नाही निघालं तर केस वाढत राहतात. एकदा अर्ध्या दाढीवर, गळ्यात न्हाव्याचा पांढरा कपडा तसाच ठेवून, तो समोरच्या पंक्चरवाल्याशी घासाघीस करून आला होता.

बेटेगावला एका नातेवाइकांकडे दुखवट्याला गेलो, तिथे मामा नवी ट्यूबलाइट घेऊन आला. दुकान वाटेतच होतं. जमिनीवर ठेवली तर कुणाचा पाय पडेल, म्हणून ती त्याने दोन गुडघ्यांत उभी धरली आणि तसाच मान खाली घालून बसला. रडणाऱ्या बायकासुद्धा पदराआडून ट्यूबकडे बघत होत्या. त्या घरातल्या ओटीवरची ट्यूब नेमकी फडफडत होती. घरच्यांना वाटलं, मामाने ती बघूनच आणली असणार. म्हातारे यजमान गहिवरून म्हणाले, "हरीभाऊ, तुमचं ध्यान किती!" मामाने स्टूल मागितलं आणि ट्यूब तिथेच लावून दिली.

परतताना मी हसू दाबत होतो. मामा म्हणाला, "हसतो काय? एका खेपेत तीन झाली."

मामीकडे अशा गोष्टींचा साठा आहे. "मला बघायला आले तेवा पन यांना डहानूला पंपाची मोटर टाकायची होती दुरुस्तीला. पोहे खातात माझ्या हातचे, नि डोळे दाराशी ठेवलेल्या मोटरवर!"

"मोटर अजून चालते हाय," मामा शांतपणे सांगतो. "तू पन."

मला मामाची ही पद्धत पटायची, आणि अजूनही पटते. मी एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतो. मोबाइलवर माझ्या दिवसाचे रंगीत चौकोन आखलेले असतात. बँक, भाजी, औषधं एकाच फेरीत उरकायची, हे मी प्रशिक्षणात नाही, मामाकडे शिकलो. त्याने वेळ वाचतो, यात शंका नाही.

मग आई घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती अंथरुणालाच खिळली. मामा दर रविवारी येऊ लागला. आईला तो 'बाय' म्हणतो. दर वेळी त्याच्या पिशवीत घरचा मिक्सर. "दुरुस्तीला टाकायचा हाय, म्हटलं जाता जाता बायला बघू." आईच्या पलंगाशी बसून तो मिक्सर उलटा करायचा, स्क्रू काढायचा, पुसायचा, परत बसवायचा. मान वर न करता गावच्या बातम्या सांगायचा. आई म्हणायची, "हऱ्या, मेल्या, त्याला सुकानं मरू दे आता!" आणि पोटभर हसायची.

एका रविवारी मात्र मला ते सहन झालं नाही. मामाला सोडायला जिन्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, "मामा, तू आईला बघायला येतोस की मिक्सरला? सख्खी बहीण आजारी आहे. तिच्या एकटीसाठी एक खेप होत नाही तुझ्याने?"

मामाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई दाराकडे बघून विचारायची, "हरी नाय आला?" मी म्हणायचो, कामात असेल. हळूहळू तिचं जेवण कमी झालं.

शेवटी मी मामीला फोन केला. "मिक्सर झाला का दुरुस्त?"

"त्याला काय धाड भरली? आज सकाळीच खोबरं वाटलं." मग तिने आवाज खाली आणला. "तुला म्हनून सांगते. रिकाम्या हातानं बायजवळ बसलो तं रडू येतं म्हनतात. त्यांची आई गेल्यावर बायनंच वाढवलंय ना त्यांना. आपन रडलो तं ती खचेल, म्हनून हातात कायतरी लागतं."

फोन ठेवल्यावर मी मोबाइलवरचे ते चौकोन उघडले. संध्याकाळच्या एका हिरव्या चौकोनात लिहिलं होतं, 'आई – गोळ्या'. गोळ्या मी एकदाही चुकवल्या नव्हत्या. पण गोळी दिल्यावर तिच्याजवळ शेवटचं कधी बसलो होतो, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पामला गेलो. मामा वाडीत चिकू निवडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"कारखाना बंद हाय?"

"नाही."

"मग इकडं काय काम काढलंस?"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "मामा, जिन्यात जे बोललो ते मी मलाच बोलायला हवं होतं. मी तिच्याच घरात राहतो आणि तिच्याजवळ बसत नाही. ती तुझी वाट बघते आहे. माझं चुकलं."

मामाने हातातला चिकू टोपलीत ठेवला आणि घराकडे तोंड करून मामीला हाक दिली, "मिक्सर दे गं पिशवीत, बायकडं जायचं हाय."