शिवलकरांचं ‘एकूण’

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातले शिवलकर नमस्काराआधी विचारतात, “एकूण किती?”

प्रश्न मेमरीचा असतो. आमची सॉफ्टवेअरं सर्व्हरवर वेगवेगळ्या कप्प्यांत चालतात. त्यांना कंटेनर म्हणतात. कोण किती मेमरी खातंय ते रंगीत आलेखात दिसतं, पण शिवलकरांचा रंगांवर विश्वास नाही. ते काळ्या पडद्यावर कमांड देतात, सगळ्या कंटेनरांची बेरीज करतात आणि आकडा खणखणीत आवाजात जाहीर करतात. “कंटेनर सांभाळतो,” असं त्यांनी एकदा शेजाऱ्यांना सांगितलं, तर शेजारी पुतण्याला जयगडच्या बंदरात चिकटवा म्हणून मागेच लागले.

परवा हर्णेहून फोन आला. तिथला मासळीचा लिलाव आमच्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि ऐन संध्याकाळी बोली अडकली होती. मासळी थोडीच थांबणार? मी एकेक कंटेनर तपासला. कुणीच फारसं खात नव्हतं.

“पंगतीत प्रत्येक जण ‘मी थोडंच घेतलं’ म्हणतो,” शिवलकर म्हणाले. “टोप रिकामा झाला की नाही ते बघ.”

त्यांनी कमांड दिली. बेरीज काठोकाठ आली होती. मग ते एकेक नाव बघत खाली गेले आणि थांबले. त्यांचे कान लाल झाले.

“हे माझं आहे.”

शिवलकर एकटेच राहतात. संगमेश्वरला त्यांची थोरली बहीण, तीही एकटी. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून या कंटेनरातून तिच्या टॅबवर रोज दुपारी भावाच्या ताटाचा फोटो उमटायचा आणि खाली ठळक अक्षरांत ‘जेवलो’. ते फोटो साठत साठत मेमरीत ठाण मांडून बसले होते.

दुसरं काही बंद करू या, असं मी सुचवलं. पण त्यांनी आपलाच कंटेनर बंद केला. हर्णेची बोली पुढे सरकली. शिवलकर मात्र पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाले. उद्या ताट दिसलं नाही तर अक्का घोर लावून घेईल, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. फोटो डिस्कवर हलवून तो कंटेनर पुन्हा चालू करता येईल, असं मी सांगितलं.

“नको,” शिवलकर हसले. “अक्का म्हणाली, फोटो पुरे झाले. दर रविवारी पानावरच येऊन बस.”