गडाच्या दारातला मुक्काम

आपला नवरा चार वर्षं एकाच दरवाजासमोर अडकून पडलाय, हे व्यायामबाईंच्या एका रविवारी अचानक लक्षात आलं.

दरवाजा व्हिडिओ गेममधला होता. डोंगरावर एक काळाकुट्ट गड, गडात राज्य बळकावून बसलेला लोखंडी सरदार, आणि गडाच्या पायथ्याशी त्याच्याशी लढायला जमलेल्या लोकांची छावणी. सगळा मुलूख पालथा घालून नवऱ्याचा वीर या छावणीपर्यंत पोचला, तेव्हा घरात जुना सोफा होता. पुढे सोफा बदलला, पडदे बदलले, शेजारीसुद्धा बदलले. वीर आपला तिथेच. संध्याकाळी नवरा कामावरून यायचा, हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायचा, आणि तो वीर नदीवर मासे धरायचा, म्हाताऱ्या तट्टाला चारा घालायचा, नावाड्याच्या त्याच त्या गप्पा ऐकत बसायचा. गडाकडे ढुंकूनही बघायचा नाही.

बाईंचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं, पण ते वाचतो कोण. आखडलेले खांदे आणि प्लॅस्टरमधून निघालेले हात घेऊन लोक यायचे, बाई त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या, म्हणून त्या व्यायामबाई. अर्धवट सोडलेलं काही त्यांना बघवायचं नाही. पेशंटचा हात खांद्यापर्यंत वर आला, की तो कानाला लागल्याशिवाय बिचाऱ्याची सुटका नसे.

“अरे, आत का जात नाहीस तू?” त्यांनी त्या रविवारी विचारलं.

“जाऊ की. पळून चाललाय का तो सरदार?”

हे उत्तर बाईंनी बरोबर ओळखलं. ज्या पेशंटचा हात वर जात नाही, तोही असंच म्हणतो. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात होता. दिवसभर अडकलेल्यांना बाहेर काढणारा आपला माणूस घरी येऊन स्वतः अडकतो आणि कुणाला सांगतही नाही, या विचाराने त्यांना अगदी गहिवरून आलं. महिन्याभरावर त्याचा वाढदिवस होता. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं: यंदा शर्ट नाही. यंदा सरदाराला मारायचं.

तसे नवऱ्याकडे दुसरेही आवडते खेळ होते, आणि ते तो त्याच्या पद्धतीने खेळायचा. मोटारींच्या शर्यतीत तो सगळ्यात मागे, कारण त्या घाटातली झाडं त्याला बघायची असत. शहर वसवण्याच्या खेळात त्याने मोठं देखणं शहर उभारलं होतं, पण एकही इमारत दुमजलीपेक्षा उंच नाही. का, ते त्याच्या धंद्याकडे बघून तुम्हीच ओळखा. पण जीव गुंतला होता तो छावणीत.

आता हे शिकायचं कुणाकडून? बँकेतले एक साहेब अंगठा धरून दवाखान्यात यायचे. “सह्या करून करून, मॅडम,” असं सांगायचे. सह्यांनी दुखणारा अंगठा कसा असतो ते बाईंना ठाऊक होतं, आणि हा तो नव्हता.

“साहेब, कुठला गेम खेळता?”

साहेबांनी आधी दाराकडे बघून घेतलं. “मिसेसना नाही ना सांगणार?”

“नाही. लोखंडी सरदाराला कसं मारतात तेवढं सांगा.”

साहेबांचं दुखणं कुठल्या कुठे पळालं. “तो तीन रूपं घेतो, मॅडम. पहिलं किरकोळ. दुसरं जरा चिवट. तिसरं आग ओकतं. तिथे भलेभले गार होतात. थांबा, दाखवतो.” आणि हवेतच बटणं दाबून दाखवता दाखवता अंगठा असा कळवळला, की त्याला पट्टी बांधायला लागली. पुढच्या खेपेला ती पट्टी सोडून “परत एकदा दाखवा ना” म्हणणाऱ्याही बाईच होत्या. आपल्या शिक्षणाला हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. पण वाढदिवस जवळ येत होता.

दुपारी दवाखाना बंद करून बाई घरी यायच्या आणि नवऱ्याच्या जागेवर बसायच्या. पहिल्या दिवशी वीर नदीत बुडाला. दुसऱ्या दिवशी छावणीतल्या पाववालीला चुकून तलवार लागली आणि सगळ्यांनी मिळून वीराला बदडून काढलं. आठवड्याभरात मात्र बाई गडात पोचल्या, आणि तिथे रोज मरू लागल्या. खेळ मोठा खट. मेल्यावर माणूस छावणीत जिवंत होऊन परत यायचा, पण प्यायलेलं औषध परत मिळत नसे. नवऱ्याने ‘पुढे कधीतरी लागतील’ म्हणून औषधाच्या बाटल्या इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या. बाईंनी त्या बघता बघता फस्त केल्या.

“माझ्या औषधाच्या बाटल्या कमी झाल्यात,” एका संध्याकाळी नवरा म्हणाला.

“कसलं औषध? काय होतंय तुला?”

“मला नाही गं, वीराला. मी एकही उघडली नव्हती. आणि तट्टू नदीकाठी बांधलं होतं, ते आज गडाच्या दारात उभं आहे.” मग तो हळूच म्हणाला, “मी झोपेत उठून खेळतो का गं?”

इथे बाईंनी हसून खरं सांगून टाकलं असतं, तर आपली गोष्ट इथेच आटोपली असती. पण गुपित फुटेल या भीतीने त्यांच्या तोंडून दवाखान्यातला आवाज निघाला. “ताण असला की होतं असं काहींना. मानेचे व्यायाम देते, सकाळ-संध्याकाळ कर.”

नवरा गुणी. सकाळ-संध्याकाळ मान डावीकडे, मान उजवीकडे. तेवढ्यावर भागेना, तेव्हा त्याने स्वतःवरच पहारा बसवला. कंट्रोलर आधी कपाटावर ठेवला. बाईंनी स्टुलावर चढून काढला. दुसऱ्या दिवशी वीराच्या ढालीला पोचा दिसल्यावर तो कंट्रोलर रात्री उशाखाली ठेवायला आणि दिवसा अवजारांच्या पिशवीत घालून कामावरच घेऊन जायला लागला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी बँकेतल्या साहेबांनी आपला कंट्रोलर फायलींच्या खाली लपवून आणून दिला.

“पण मग माझा चेंडू दाबायचा व्यायाम माफ करा, मॅडम.”

“निम्मा माफ.”

तोवर बाईंचाच अंगठा सुजला. “पेशंटचे खांदे दाबून झालं असेल,” असं नवरा आपण होऊन म्हणाला, आणि भांडी घासायला स्वतः उभा राहिला. मान डावीकडे, मान उजवीकडे करत तो ताटं विसळत होता, आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वाढदिवसाच्याच दुपारी लोखंडी सरदार कोसळला. बाई सोफ्यावर उभ्या राहून नाचल्या. पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी सरकू लागली तशी त्यांनी टीव्ही बंद केला आणि केक आणायला गेल्या. पुढे काय होतं ते बघायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सोफ्यावर बसवलं. “डोळे मीट. हं, आता उघड.”

पडद्यावर छावणी होती, म्हणजे छावणीची जागा होती. तंबू नव्हते. पाववालीची भट्टी विझलेली. नदीकाठी होडी पालथी पडलेली. वर एक ओळ आली: सरदाराचा अंत झाला आणि लोक सुखाने आपापल्या गावी परतले.

“मी मारला त्याला,” बाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी. तू अडकला होतास ना.”

“वा,” नवरा म्हणाला. “छान केलंस.” त्याने वीराला सगळ्या मोकळ्या मैदानात फिरवलं. “तट्टू?”

“तेही नेलं वाटतं कुणीतरी.”

“हो. नेणारच. चांगलं होतं.”

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाच्या ‘छान’चा अर्थ कळतो. बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. “काय झालं ते नीट सांग.”

“काही नाही गं.” त्याने कंट्रोलर खाली ठेवला. “दिवसभर फोन येतात. कुणीतरी अडकलेलं असतं, घाबरलेलं असतं, शिव्या घालत असतं. आणि या छावणीत अख्खी जनता माझी वाट बघत बसली होती, पण एकानेही कधी विचारलं नाही, अजून किती वेळ लागेल म्हणून. मला त्यांचा फार आधार होता.”

बाईंना रडू आवरेना. “मी तुझं गाव उठवलं रे. मला वाटलं, तुला जमत नाही.”

“जमत नाही कसलं? मी मुद्दामच जात नव्हतो. वेडी आहेस.” त्याने त्यांचा सुजलेला अंगठा हातात घेतला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे मी झोपेत खेळत नव्हतो?”

“नाही.”

“आणि ते मानेचे व्यायाम?”

“ते चांगलेच असतात.”

दोघंही हसले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि या वेळी दोघांनी मिळून, असं ठरलं. केक कापला. दुसरा तुकडा खाता खाता नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, “त्या तिसऱ्या रूपाची आग असते ना... ती कशी चुकवलीस तू?”

बाईंचा घास हातातच राहिला. “तिसरं रूप तुला कसं माहीत?”

“असंच. ऐकून.”

“आत गेला होतास?”

“एकदा.” तो केककडे बघू लागला. “म्हणजे पहिलं वर्षभर रोज. मग म्हटलं, जाऊ दे. बाहेर बसलो, नावाड्याची ओळख झाली. आणि मग खरंच आवडायला लागलं गं, अगदी खरं सांगतो.”

बाईंनी विश्वास ठेवला, कारण ते खरंच होतं. जेवणानंतर त्यांनी त्याला शिकवलं: डावीकडे लोळायचं, ढाल टाकून द्यायची, आग संपेपर्यंत खांबामागे दम धरायचा. नवऱ्याने ते असं मन लावून ऐकलं, की बँकेतल्या साहेबांना अभिमान वाटला असता.

बऱ्याच महिन्यांनी दोघांचा नवा वीर पुन्हा छावणीत पोचला. गडाचं दार समोर, सगळ्या युक्त्या तोंडपाठ, आणि नवऱ्याचा हात शिवशिवत होता.

“चल, आज उडवतोच त्याला.”

“आज नको,” बाईंनी कंट्रोलर त्याच्या हातातून काढून घेतला आणि वीराला नदीच्या वाटेला लावलं. “तो नावाडी चालताना डावा पाय ओढतोय. इतक्या वर्षांत तुझ्या लक्षातच आलं नाही का रे?”